ओठानं ओळखलेली वाईन

फिलू, रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. सेक्रेटरीसाहेब बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "फिलोमिनाजी की नाक कमाल की थी. बोतल सूंघकर बता देती थीं कि कहाँ की है." सगळ्यांनी माना हलवल्या. अनंतनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली वळवली, कारण आपल्या बायकोला रडू येतं आहे की हसू, हे त्याला कळेना. मलाही कळत नव्हतं. तू असतीस तर रुमाल तोंडाशी धरून खोकला आल्याचं सोंग केलं असतंस.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी दोन वाक्यं बोलले आणि बसले. जे सांगायचं होतं ते हिंदीत, मांडलेल्या खुर्च्यांसमोर सांगता आलं नसतं. म्हणून तुलाच सांगते. बरंचसं तुला ठाऊक आहे. थोडं ठाऊक नाही, कारण ते मी कधी बोललेच नाही.

तू आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आलीस तेव्हा दिल्लीच्या मयूर विहारात मेट्रो नव्हती आणि जिन्यात दुसरं मराठी घर नव्हतं. तू वसईची, मी पुण्याची. तू चर्चला जाणारी, मी चतुर्थी करणारी. तुझ्या घरी मासळी, माझ्या घरी कांदासुद्धा चार महिने बंद. पहिल्या आठवड्यात तू खाली येऊन विचारलंस, "वहिनी, इथे ओला नारळ कुठे मिळतो?" मी म्हटलं, आयएनए मार्केटमध्ये, आणि जाणार असशील तर माझ्यासाठीही दोन आण. मैत्री एवढ्यावरच झाली. महिन्याभरात 'वहिनी' गेलं आणि तू मला सुधा म्हणायला लागलीस.

मी सरकारी कार्यालयात अनुवादक. दिवसभर इंग्रजी परिपत्रकं हिंदीत उतरवायची. तू कॉलेजात फ्रेंच शिकलेली, एका परदेशी कंपनीत सेक्रेटरी. त्या वर्षांत रोज काहीतरी नवीन येत होतं. नवी गाडी, नवं बिस्कीट, नवा चॅनेल. मग बाहेरची वाईन उघडपणे आणायला परवानगी मिळाली आणि गुडगावच्या सेठीसाहेबांनी आयातीचा धंदा काढला. त्यांना फ्रेंच लिहिता-बोलता येणारं माणूस हवं होतं. चाळिशी उलटलेली, एकटी राहणारी तू पक्की नोकरी सोडून तिकडे गेलीस. अनंतनं तुला समजावलं होतं की दिल्लीत माणसं व्हिस्की पितात, वाईन कोण पिणार. तू म्हणालीस, आज कोणी पीत नाही म्हणूनच तर जायचं.

मला ते आवडलं नव्हतं. मी तसं तोंडावर सांगितलंही होतं. माझे वडील शाळामास्तर होते आणि संध्याकाळ झाली की प्यायचे. त्यांच्या सदऱ्याचा वास लहानपणी मला जिन्यातून कळायचा आणि मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन शेजारी जाऊन बसायचे. ते गेले त्यातच. तुझ्या नव्या नोकरीची गोष्ट निघाली की माझ्या नाकात तो सदरा यायचा. तू म्हणायचीस, "आमच्या चर्चमध्ये दर रविवारी वाईन असते, सुधा. मी त्यातच वाढले." मी म्हणायचे, तुमची गोष्ट वेगळी. आपण दोघी तिथेच थांबायचो.

कंपनीनं तुला शिकायला दक्षिण फ्रान्समध्ये पाठवलं. परत आलीस ती बॅग वर न नेता थेट आमच्या बाल्कनीत येऊन बसलीस. तिथे समुद्राला लागून खाऱ्या पाण्याचं मोठं तळं आहे, म्हणालीस. तळ्यात कालवांची शेती. आणि तळ्याकडे उतरणाऱ्या जमिनीवर पिकपूल नावाच्या पांढऱ्या द्राक्षांचे मळे. त्या नावाचा अर्थ तिथली माणसं सांगतात, ओठाला डंख करणारं. एका टपरीवर उभ्या उभ्या तुला कुणी कालवं फोडून दिली आणि वर त्या वाईनचा गार ग्लास. "अगं, मी डोळे मिटले आणि नायगावच्या खाडीवर होते. चिखलात पाय, आईच्या हातात कोयता, आणि ती कालवं फोडून माझ्या तोंडात घालतेय." हे सांगताना तू खालचा ओठ बोटानं दाबून धरला होतास. मी कालवं कधी पाहिलीसुद्धा नव्हती. तरी तुझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. एवढा आनंद मी मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिला होता.

तू सेठीसाहेबांच्या मागे लागून ती वाईन मागवायला लावलीस. आणि ती कुणालाच आवडली नाही. हॉटेलवाले म्हणाले, आंबट आहे, पातळ आहे. लोकांना गोड हवी होती, नाहीतर लाल. पेट्या गोदामात पडून राहिल्या. सेठीसाहेब वाईट माणूस नव्हता, पण व्यापारी होता. ही वाईन हलली नाही तर तुझा विभाग बंद करू, असं त्यानं तुला साफ सांगितलं.

त्याच हिवाळ्यात तुझा अपघात झाला. धुक्यात गुडगावच्या रस्त्यावर तुमची गाडी पुढच्या ट्रकवर आदळली. डोक्याला मार बसला, टाके पडले, आणि दोन-तीन आठवड्यांत तू हिंडायला-फिरायला लागलीस. आम्ही म्हटलं, सुटली. एका शनिवारी तू माझ्या स्वयंपाकघरात, गॅसच्या अगदी शेजारी स्टुलावर बसली होतीस. मी दूध ठेवून फोनवर बोलायला बाहेर गेले. हॉलमध्ये मला करपल्याचा वास आला म्हणून धावत आले. भांड्याच्या तळाला दूध लागून काळं झालं होतं आणि तू तिथेच शांतपणे वर्तमानपत्र वाचत होतीस. मी ओरडले, "अगं, करपलं की सगळं." तू वर पाहिलंस. भांड्याकडे पाहिलंस. मग पेपर घडी करून ठेवलास.

"सुधा, मला वास येत नाही," तू म्हणालीस. "अपघातापासून. कसलाच."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की नाकातून मेंदूकडे जाणारे तंतू तुटले असावेत, परत येतील याची आशा धरू नका. तू ते एकटीनं ऐकून आली होतीस आणि कुणाला सांगितलं नव्हतंस. ऑफिसात कळलं तर नोकरी गेली. वसईला कळलं तर आईनं अंथरूण धरलं असतं. त्या दिवशी तू रडली नाहीस. मीच रडले. तू म्हणालीस की सकाळी उशीला नाक लावलं तर आपण स्वतःसुद्धा तिथे नव्हतो असं वाटतं. मग थोड्या वेळानं म्हणालीस की दोन महिन्यांनी त्या मळ्याची मालकीण, मादाम, स्वतः दिल्लीला येणार आहे. तिच्यासाठी जेवण ठेवलं आहे, हॉटेलवाले येणार आहेत, आणि कुठल्या पदार्थांबरोबर ती वाईन द्यायची हे तुला ठरवायचं आहे.

मी काहीच विचार न करता म्हटलं, "वास मी घेते. पिणार नाही. फक्त वास."

तुझ्यासाठी सदऱ्याचा वास सहन करायचा, अशी मनाची तयारी केली होती मी. पुढच्या शनिवारी दुपारी तू फ्रीजमधली बाटली घेऊन खाली आलीस, काचेच्या पेल्यात थोडी ओतलीस आणि माझ्यापुढे सरकवलीस. मी श्वास धरून वाकले, मग सोडला, मग घेतला. आणि फिलू, तिथे माझे वडील नव्हते. म्हणजे होते, पण वेगळे. मी तुला म्हटलं, "ओल्या फडक्यानं पाटी पुसली की येतो तो वास." तू म्हणालीस, आणखी. मी म्हटलं, "लिंबू चिरायच्या आधी सालीला नख लावलं की येतो तो. आणि काहीतरी हिरवट, कच्च्या कैरीच्या देठाजवळचं." हे सगळं तुला आठवत असेल. मी सांगितलं नाही ते एवढंच की ती पाटी माझ्या वडिलांनी पुसलेली होती. सकाळी ते शुद्धीत असायचे. अंघोळ करून, गंध लावून, मला मांडीवर घेऊन अक्षरं गिरवायला शिकवायचे आणि चुकलं की ओल्या फडक्यानं पुसायचे. तीस वर्षांत मला त्यांची सकाळ आठवली नव्हती. ती तुझ्या बाटलीतून निघाली. मी गप्प बसले आणि तुला वाटलं, मी पुढचा वास शोधते आहे.

तू मात्र माझे शब्द ऐकून डोळे मिटलेस, पेला ओठांना लावलास आणि घोट घेतलास. मग म्हणालीस, "मिळाली. पाटी मिळाली मला."

कशी मिळाली असेल, हे मला आजही कळत नाही. मी आयुष्यभर शब्द इकडून तिकडे नेण्याचं काम केलं. पण माझ्या तोंडून निघालेला एक शब्द दुसऱ्या माणसाच्या तोंडात चव होऊन उतरताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मग आपले शनिवार सुरू झाले. तू पदार्थाचा घास घ्यायचीस, वर एक घोट, आणि जिथे काही घडलं तिथे बोट ठेवायचीस. ओठाची कड, गालाच्या आतली बाजू, जिभेचं मूळ. वास गेला तरी तोंडाला आंबट कळतं, खारट कळतं, गारवा कळतो, तिखटाची आग कळते, तेलाचा ओशटपणा कळतो. ही वाईन मुळात नाकापेक्षा ओठाचीच आहे, असं तू म्हणायचीस. तुझं सगळं नशीबच तिच्यात होतं म्हण.

सेठीसाहेबांना बटर चिकन आणि तंदुरी हवी होती. तू वर तुझ्या घरी दोन्ही करून पाहिलंस. लोणी-टोमॅटोच्या रश्श्यापुढे वाईनचं पाणी झालं आणि लाल तिखटाची आग तिनं आणखी भडकवली. मग खाली येऊन माझ्या घरचे पदार्थ. अळूवडीवर माझा फार भरवसा होता. तू घास घेतलास, घोट घेतलास आणि चेहरा वाकडा केलास. "तुझ्या गुळानं माझी वाईन मारली." मी म्हटलं, चिंच आहे म्हणजे गूळ हवाच. तू म्हणालीस, तुम्ही पुणेकर आमटीतसुद्धा गूळ घालता, तुमचं काही सांगू नकोस. यावरून आपण इतक्या वेळा भांडलो की अनंत टीव्हीचा आवाज वाढवायचा. तो वाद तसाच राहिला, फिलू. आमटीत गूळ हवा, हे माझं मत अजून तेच आहे.

सुरळीची वडी मात्र जमली. ताकानं आंबट झालेली, वर ओला नारळ आणि कोथिंबीर, साखरेचा कणसुद्धा नाही. तू म्हणालीस की वाईन आणि वडी एकमेकींना धक्का न लावता शेजारी बसल्या. पण तुला त्याहून जास्त हवं होतं. तुला कालवं हवी होती, आणि दिल्लीत भरवशाची कालवं कुठून आणणार? एकदा मंडईत तू कमलकाकडी, म्हणजे कमळाचं खोड, उचललीस आणि म्हणालीस, "हीसुद्धा तळ्यातलीच ना?" घरी आणून मी पातळ चकत्या केल्या, तांदळाच्या पिठीत घोळवून तळल्या, वर नुसतं मीठ. तू एक चकती खाल्लीस. कुरकुर वाजली. मग घोट घेतलास. मग तुझं बोट ओठावर गेलं, तिथून गालावर, तिथून पुन्हा ओठावर, आणि तू हसायला लागलीस. मीठ आणि तेल पुढे होतं, वाईननं ते धुऊन नेलं, आणि तोंड पुन्हा मीठ मागायला लागलं. तू सगळी ताटली संपवलीस. मला शेवटची चकतीसुद्धा दिली नाहीस.

जेवण सेठीसाहेबांच्या घरी होतं, गुडगावच्या एका नव्या उंच इमारतीत. खिडकीतून एका बाजूला क्रेन दिसत होत्या आणि दुसऱ्या बाजूला अजून मोहरीची शेतं. मी स्वयंपाकाला मदत करायला आले आहे, असं तू सांगितलं होतंस. खरं काम वेगळं होतं. उघडलेली प्रत्येक बाटली मी हुंगायची, कारण कधी कधी बुचामुळे वाईन बिघडते आणि ते नाकालाच आधी कळतं. एक बाटली उघडली आणि मी तुझी बाही ओढली. "कुबट," मी म्हटलं. "बंद कपाटात भिजलेली वर्तमानपत्रं ठेवल्यासारखी." तू ती बाजूला काढलीस आणि मादामला नेऊन दाखवलीस. पांढऱ्या आखूड केसांच्या, शेतकऱ्याच्या हातांच्या त्या बाईनं वास घेतला आणि तुझ्या खांद्यावर थोपटलं. स्वयंपाकघराच्या दारातून मी पाहत होते. छान चाललं होतं. सुरळीची वडी गेली, कमलकाकडी पुन्हा मागितली गेली, केळीच्या पानातलं तुझं पापलेट गेलं. ज्या वाईनला त्यांनी आंबट म्हटलं होतं तीच वाईन हॉटेलवाले न बोलता पीत होते.

मग मादामनं पिशवीतून एक बिनलेबलची बाटली काढली. नव्या हंगामाची, अजून बाजारात न आलेली. तिनं स्वतः ओतली, तुझ्यापुढे धरली आणि काहीतरी विचारलं. सेठीसाहेब सगळ्यांना म्हणाले की आता फिलोमिना नाकानं सांगेल, यंदाची कशी आहे ते. तू माझ्याकडे पाहिलंस. मी दारात होते, मध्ये लांबलचक टेबल. तिथून मला काही करता येण्यासारखं नव्हतं.

तू वाटेल ते बोलून वेळ मारून नेऊ शकली असतीस. लिंबू, पाटी, कैरी, सगळे शब्द तुझ्याकडे तयार होते. तू पेला नाकाजवळ नेलासच नाहीस. ओठाला लावलास, घोट घेतलास, थांबलीस, आणखी एक घेतलास. आधी तू फ्रेंचमध्ये बोललीस. मला एक शब्द कळला नाही, पण मादामचा हात हवेत थांबलेला दिसला. मग सगळ्यांसाठी इंग्रजीत सांगितलंस, की अपघातानंतर मला वास येत नाही. मी हे लपवलं. जे सांगते आहे ते फक्त तोंडाला कळलेलं आहे.

आणि तू सांगितलंस. डंख यंदा उशिरा येतो आणि लवकर जातो. घशाशी ऊब जास्त आहे, म्हणजे तिकडे ऊन जास्त झालं असावं. पण गिळल्यानंतर जिभेच्या मुळाशी मीठ उरतं, ते आधीच्या बाटल्यांपेक्षा जास्त आहे, म्हणून ही द्राक्षं पाण्याच्या अगदी जवळच्या बागेतली असावीत. तू प्रत्येक ठिकाणी बोट ठेवून दाखवत होतीस, जशी माझ्या स्वयंपाकघरात दाखवायचीस तशीच. मादामनं तिचा पेला उचलला, घोट घेतला, आणि स्वतःचं बोट खालच्या ओठावर ठेवलं. मग गालावर. मग हळूच हनुवटीखाली, जिथे जिभेचं मूळ असतं. तिनं मान हलवली. शेवटची बाग, ती तोडक्या इंग्रजीत म्हणाली, अगदी तळ्याच्या काठची. आणि उन्हाळा भयंकर होता. मग एकेक करून टेबलावरची सगळी माणसं, सूट घातलेली, मोठमोठ्या हॉटेलांची, घोट घेऊन आपापल्या ओठावर बोट ठेवायला लागली. माझ्या अंगावर काटा आला. देवळात येतो तसा. दारूच्या टेबलाजवळ असं काही होईल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं.

पाहुणे गेल्यावर सेठीसाहेब स्वयंपाकघरात आले. मी भांडी पुसत होते, तू शेजारी उभी होतीस. त्यांनी तुला विचारलं,

"आपने मुझे बताया क्यों नहीं?"

"बताती तो आप रख लेते?"

त्यांनी विचार केला. "नहीं," ते म्हणाले. मग कमलकाकडीची उरलेली एक चकती उचलून तोंडात टाकली. "अब रखूँगा."

ती वाईन काही दिल्लीभर गाजली नाही. पण पेट्या हलल्या, पुन्हा मागवल्या गेल्या, आणि तुझा विभाग राहिला. फरीदाबाद, नोएडा, गुडगाव, जिथे जिथे नवे फ्लॅट झाले तिथे तिथे तू जाऊन लोकांना सांगायचीस, गूळ नको, टोमॅटो नको, लाल तिखट नको. मीठ चालेल, ताक चालेल, नारळ चालेल. कुठल्या कुठल्या बायका मला फोन करून सुरळीच्या वडीची कृती विचारायच्या. तुमच्या धंद्यातल्या माणसांना तुझी गोष्ट ठाऊक होती. मयूर विहारात ती फक्त आमच्या घरात राहिली, कारण तुला इथे कुणाची कीव नको होती. आपले शनिवार मात्र चालूच राहिले, वाईन असो वा नसो. तू विचारायचीस आणि मी सांगायचे. रातराणी. नवं पुस्तक. दिवाळीनंतरचं धुरकट आकाश. आमची ईशा त्या टेबलाशी बसून वाढली. दिल्लीत जन्मलेली ती पोर आज खवट, आंबूस, ओशट, खमंग यांतला फरक सांगू शकते, तो तुझ्यामुळे. तू विचारत राहिलीस म्हणून मला शब्द शोधावे लागले आणि ते तिच्या कानावर पडले. हे श्रेय मी तुला कधी दिलं नाही. आता देते.

एक वाद मात्र आपण खरोखरच अर्धा सोडला. तू म्हणायचीस, एक घोट घेऊन बघ, तू अर्धीच गोष्ट जाणतेस. मी म्हणायचे, तूही अर्धीच जाणतेस, मग दोघी सारख्या. यावर हसून विषय संपायचा. पण एकदा तू हसली नाहीस. म्हणालीस, "तुझे वडील या बाटलीत नाहीत, सुधा." मी उठून आत गेले. मला राग आला असं तुला वाटलं आणि तू पुन्हा तो विषय काढला नाहीस. राग नव्हता गं. ते या बाटलीत होते, सकाळचे, अंघोळ केलेले, आणि मला भीती वाटत होती की घोट घेतला तर संध्याकाळचे होतील. तुझ्या फ्रीजमध्ये एक बाटली सापडली. ती आता माझ्याकडे आहे. उघडेन की नाही, ठरवलेलं नाही. घाई करू नकोस.

परवा तुझं स्वयंपाकघर आवरायला जोसेफदादा आणि मी होतो. तू त्यांच्याबद्दल इतकं सांगायचीस, की आपल्या मोगऱ्याच्या वाडीत पहाटे कंदील घेऊन फिरणारा भाऊ मला आधीच ओळखीचा होता. दुपारी मी त्यांना खाली जेवायला आणलं. वरण-भात, कोबीची भाजी. जेवताना ते म्हणाले, "सेक्रेटरी बरोबर बोलले. आमच्या फिलूला लहानपणापासून वास फार कळायचे." मी अनंतकडे पाहिलं. मग सांगून टाकलं. आई गेली आता, तू गेलीस, लपवायचं कुणापासून?

त्यांचा हात ताटातच थांबला. कधीपासून, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते बराच वेळ हिशेब करत राहिले, म्हणजे त्यानंतर तू वसईला किती वेळा आलीस, आईसमोर किती वेळा कालवणाच्या भांड्यावर वाकून वाहवा केलीस, त्याचा. मला वाईट वाटलं. मला नेहमी वाटायचं की बाकी सगळं आपण दोघींनी थोडंफार परत मिळवलं, पण घरच्या मोगऱ्याचं तुला राहूनच गेलं. मी ते कधी विचारलं नाही. वसईला मी तुझ्याबरोबर नसायचे, मग तिथे तुला काय उरणार?

"मे महिन्यात आली की पहाटे कळ्या खुडायला यायची आमच्याबरोबर," जोसेफदादा म्हणाले. "मूठभर कळ्या घ्यायची आणि ओठांना लावून उभी राहायची. नाकाला कधीच नाही. आई म्हणायची, ही फ्रान्सला जाऊन फुलांचे मुके घ्यायला शिकली." त्यांनी भात कालवला. "आणि मग मला सांगायची, दादा, आजच्या कळ्या घट्ट आहेत, दादरच्या बाजारापर्यंत उमलणार नाहीत. नाहीतर म्हणायची, आज ऊब आहे यांना, लवकर पाठव."

"बरोबर निघायचं?" मी विचारलं.

"मी तिला विचारूनच टोपल्या भरायचो," जोसेफदादा म्हणाले.